नाव कोणी ठेवले?

अभ्यासपाठ

शास्त्रवाचन: उत्पत्ती 16:1-14, उत्पत्ती 35:16-20, दानीएल 1:1-7, लूक 1:57-66



आपल्यापैकी काही जण सेवेसाठी पाड्यांवर जातात, काही जण मुलांच्या शिक्षणासाठी मदत पाठवतात, आणि पुष्कळ जण घरी बसून नावानिशी प्रार्थना करतात. प्रार्थनेच्या यादीतील काही नावे आपल्या कानाला वेगळी वाटतात. दित्या, बुध्या, फाग्या, जिव्या. ही नावे कोणी ठेवली? कशावरून ठेवली? आणि ती आहेत तशीच घ्यावीत, याला एवढे महत्त्व का? या पाठात आपण शास्त्राच्या आधारे याचा विचार करू.

1. नाव म्हणजे घरची आठवण

आदिवासी कुटुंबांत मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून नाव ठेवण्याची चाल मोठ्या प्रमाणावर आढळते. सोमवारी जन्मलेला सोमा किंवा सोम्या, मंगळवारची मंगळी, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा शुक्र्या. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा लोक रविवारला दितवार म्हणतात, म्हणून रविवारचा मुलगा दित्या. दिवाळीत जन्मला तो दिवाळ्या, फाल्गुनात होळीच्या सुमारास जन्मला तो फाग्या. जिथे भिंतीवर कॅलेंडर नव्हते तिथे ही नावेच जन्माची नोंद होती. नाव ऐकले की घरच्यांना तो दिवस आठवत असे.

पवित्र शास्त्रातही घरोघरी असेच घडते. इसहाक या नावात हसणे आहे, कारण म्हातारपणी पुत्र होणार हे ऐकून अब्राहाम व सारा दोघेही हसली होती. फारोच्या मुलीने बाळाला पाण्यातून काढले, म्हणून त्याचे नाव मोशे. हन्नाने देवाजवळ मागून घेतलेल्या मुलाचे नाव शमुवेल. प्रत्येक नावामागे कुटुंबाला माहीत असलेली एक गोष्ट आहे. ती गोष्ट आपल्याला ठाऊक नसली, म्हणून नाव अर्थहीन ठरत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या मराठीत रम्या, गण्या, बाळ्या असे म्हटले की ती लाडाची किंवा तुच्छतेची हाक वाटते. म्हणून बुध्या हे नाव ऐकल्यावर ते अपुरे आहे, 'सुधारायला' हवे, असे शिकलेल्या माणसाला वाटते. पण पाड्यावर ते पूर्ण नाव असते आणि त्यात अनादर मुळीच नसतो. डहाणू तालुक्यातील थोर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच नावाने. त्यांची चित्रे देशोदेशी गेली आणि त्यांच्याबरोबर हे नावही गेले.

2. दुःखातून ठेवलेले नाव

सगळीच नावे आनंदाची नसतात. पाठोपाठ मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू किंवा भिकू असे ठेवण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत होती. नाव इतके साधे ठेवावे की मुलाला कोणाची दृष्ट लागू नये, मृत्यूनेही त्याच्याकडे वळून पाहू नये, ही त्यामागची भावना. वरून कठोर वाटणाऱ्या या नावात आईची भीती आहे आणि मायाही आहे.

पण ज्या नावात माया नाही असेही एक नाव आपल्या राज्यात ठेवले गेले. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून तिचे नाव नकुशी, म्हणजे नको असलेली. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा येथे प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा 280 हून अधिक मुलींना नवी नावे दिली. काही मुलींनी आपले नवे नाव स्वतः निवडले. तोपर्यंत शाळेत रोज हजेरीच्या वेळी त्यांना स्वतःच्या तोंडाने 'नको असलेली' या हाकेला ओ द्यावी लागत होती.

उत्पत्तीच्या 35 व्या अध्यायात राहेल बाळंतपणात मरण पावते. प्राण जाता जाता ती बाळाचे नाव बेनओनी ठेवते, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र. याकोबाचे राहेलीवर केवढे प्रेम होते हे आपण जाणतो. तिचा शेवटचा शब्द मोडणे त्याला सोपे गेले नसेल. तरीही तो मुलाला बन्यामीन म्हणतो, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र. आईचे दुःख खरे होते, पण त्याचे ओझे मुलाने जन्मभर वाहावे असे बापाला वाटले नाही. 1 इतिहास 4:9-10 मध्ये याबेसाची गोष्ट येते. त्याचेही नाव आईच्या वेदनेवरून ठेवलेले. त्याचे नाव बदलत नाही, पण तो देवाकडे मागतो की क्लेश माझ्या वाट्याला येऊ नये, आणि देव त्याचे ऐकतो.

तेव्हा नाव बदलणे कधी कधी प्रेमाचे काम असते. प्रश्न एवढाच की ते कोण बदलतो आणि कोणासाठी बदलतो.

3. दुसऱ्याने लादलेले नाव

दानीएल आणि त्याचे तीन सोबती बाबेलात नेले गेले. हनन्या, मीशाएल, अजऱ्या या नावांत त्यांच्या देवाची आठवण होती. राजवाड्यातील मुख्य अधिकाऱ्याने पहिल्याच दिवसांत त्यांना नवी नावे दिली: बेल्टशस्सर, शद्रख, मेशख, अबेद्नगो. नवी भाषा, नवे अन्न आणि नवे नाव, हे सारे एकत्र आले. अधिकाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असे नाही. त्याला आपल्या तोंडात बसणारी आणि आपल्या राज्यात चालणारी नावे हवी होती. पण त्या मुलांना कोणी विचारले नाही.

आपल्या जमातींची पुष्कळशी नावेही बाहेरून आलेली आहेत. कातकरी हे नाव खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. तो धंदा गेला, नाव राहिले. ज्यांना आपण गोंड म्हणतो ते स्वतःच्या भाषेत स्वतःला कोया किंवा कोईतूर म्हणतात. याउलट मेळघाटातील कोरकूंचे नाव त्यांच्याच भाषेतले आहे. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसे. स्वतःचे नाव सांगताना ते एवढेच सांगतात की आम्ही माणसे आहोत.

शाळेच्या दाखल्यावर हे लादणे आजही नकळत चालू असते. जन्मतारीख माहीत नसली की 1 जून लिहिण्याची प्रथा राज्यभर सर्वांना परिचित आहे. तशाच सहजतेने दित्याचा आदित्य होतो, फागीची भाग्यश्री होते. लिहिणाऱ्याला वाटते, आपण मुलाचे भले केले.

4. नाव न घेणे

उत्पत्ती 16 पुन्हा सावकाश वाचा. साराय आणि अब्राम हागारेविषयी बोलतात तेव्हा दोघांच्याही तोंडी तिचे नाव एकदाही येत नाही. माझी दासी, तुझी दासी, एवढेच. ती रानात पळून गेल्यावर झऱ्याजवळ परमेश्वराचा दूत तिला भेटतो आणि तिला नावाने हाक मारतो. मग तो विचारतो की तू कोठून आलीस आणि कोठे जातेस. आधी नाव, मग तिची हकीगत. त्या भेटीनंतर हीच परदेशी दासी देवाला एक नाव देते: मला पाहणारा देव.

बाजारात, एसटीत, वीटभट्टीवर आदिवासी माणसाला जमातीच्या नावाने हाक मारली जाते, तेव्हा या अध्यायाची आठवण ठेवावी. मदत करतानाही 'लाभार्थी', 'ती पाड्यावरची बाई' असे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेकाच्या नावाने हाक मारतो, असे आपण योहान 10:3 मध्ये वाचतो. त्याची सेवा करणाऱ्यांनीही तेच शिकायचे आहे.

5. नाव आणि बाप्तिस्मा

विश्वास ठेवला म्हणजे नाव बदललेच पाहिजे काय? शास्त्रात तशी आज्ञा नाही. शिमोनाला पेत्र हे नाव प्रभूने स्वतः दिले. पण पहिल्या मंडळीतील अपुल्लो, फिबी, हर्मेस, एपफ्रदीत या नावांचे मूळ ग्रीक देवदेवतांच्या नावांत आहे. पौल त्यांना त्याच नावांनी प्रेमाने सलाम पाठवतो, त्यांची शिफारस करतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि ते नारायणच राहिले. पंडिता रमाबाईंना आजही सारा महाराष्ट्र रमाबाई म्हणूनच ओळखतो. कोणी आनंदाने नवे नाव घेतले तर तो त्याचा अधिकार आहे. आपण ते सुचवण्याची घाई करू नये.

6. नाव कागदावर नीट यावे

लूक 1 मध्ये शेजारीपाजारी बाळाला जखऱ्या म्हणू लागतात. आई अलीशिबा स्पष्ट सांगते की याचे नाव योहान. तिचे कोणी ऐकत नाही, बापाला खुणा करून विचारतात. मुका झालेला जखऱ्या पाटी मागवतो आणि तेच नाव लिहितो. आई बरोबर होती.

आज ही पाटी ग्रामपंचायतीत आणि शाळेत असते. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. त्या वेळी नाव ठरले नसेल तर ते पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून नोंदवता येते. म्हणजे रुग्णालयात घाईने कोणतेही नाव लिहून देण्याची गरज नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी यांसाठी जन्मतारखेचा पुरावा आहे. जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा बापाच्या आणि आजोबांच्या जुन्या नोंदी पाहिल्या जातात, आणि कायद्याने सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. आजोबांच्या नोंदीत एक आडनाव, नातवाच्या दाखल्यावर दुसरे, एवढ्यावरून वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि नोकरी अडकू शकते. चांगल्या हेतूने 'सुधारलेले' एक अक्षर तीस वर्षांनी एका घराला तालुक्याच्या फेऱ्या मारायला लावते.

म्हणून पाड्यावर काम करणाऱ्यांनी तीन साध्या सवयी लावून घ्याव्यात. नाव आईला विचारावे आणि ती सांगते तसे लिहावे. लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे. घरातील जुना कागद असल्यास त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

1. तुमचे नाव कोणी ठेवले आणि का? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व मंडळीत सांगा.
2. याकोबाने ठेवलेले नवे नाव आणि बाबेलच्या अधिकाऱ्याने ठेवलेले नवे नाव, या दोहोंत काय फरक आहे?
3. आपल्या घरी किंवा शेतावर काम करणाऱ्या कोणाचे पूर्ण नाव आपल्याला माहीत नाही?
4. प्रार्थनेच्या यादीतील नावे आपण नीट उच्चारतो का? नसल्यास कोणाला विचारून घ्याल?

प्रार्थनेचे विषय

यंदा ज्यांची जन्मनोंद व्हायची आहे अशा पाड्यांवरील बाळांसाठी. दाखल्यावरील नावाच्या घोळामुळे शिक्षण अडलेल्या मुलामुलींसाठी. नोंद करणारे शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत कर्मचारी यांना धीर व काळजीपूर्वक ऐकण्याची बुद्धी मिळावी म्हणून.