'हम दोनो' : सतार नसलेलं इंडो-जॅझ

फ्यूजन म्हटलं की सतार-तबला हवाच, असं वाटतं ना? मग जो हॅरियटच्या दोन रेकॉर्ड लागोपाठ ऐका. जमैकाचा हा सॅक्सोफोनवादक १९६० मध्येच लंडनमध्ये फ्री जॅझकडे वळला होता. फ्री जॅझ म्हणजे स्वरसंगतीचा ठरलेला आराखडा सोडायचा आणि एकमेकांचं ऐकत वाजवायचं. (वाट्टेल ते वाजवणं नव्हे!)

१९६६ च्या 'इंडो-जॅझ सूट'मध्ये सतार, तबला, तंबोरा सगळं आहे. पण कोलकात्याच्या जॉन मेयरनं रचना आधीच कागदावर बांधलेल्या; त्यामुळे दोन्ही बाजू जरा अवघडून वाजवतात, असं मला तरी वाटतं.

१९६९ चं 'हम दोनो' ऐकलं की फरक कळतो. मुंबईत जन्मलेला, गोवेकर घरातला अमान्सिओ डिसिल्वा इथे गिटार घेऊन आलाय. भारतीय वाद्य एकही नाही! काही ठिकाणी नॉर्मा विन्स्टन शब्दांविना गाते. आपल्या कोथरूडात गाण्याच्या क्लासला जाणाऱ्यांना आलाप आठवेल.

आता 'बॅलड फॉर गोवा' लावा. गिटार आणि सॅक्सोफोन एकमेकांना कुठे जागा देतात, ते वहीत टिपून ठेवा. दोनदा तरी ऐका, एकदा ऐकून हाती लागत नाही.