निरोप दिला, पण पोचला का?

बाळा, स्काऊट पथक तुझ्या हाती आलं, बेसिक कोर्स झाला, गाठी येतात, ध्वज चढवता येतो. आता कोर्समध्ये ओझरतं सांगतात ते जरा सविस्तर ऐक. पथकं गाठी न आल्यामुळे बंद पडत नाहीत. शाळेत एक ठरलेलं असतं, घरी दुसरंच कळलेलं असतं आणि पोरगं मधल्यामध्ये ओरडा खात असतं. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी आई म्हणते, "राहू दे ते स्काऊट, क्लासला जा." "मी तर निरोप दिला होता" हे वाक्य तुझ्या तोंडी येऊ देऊ नकोस. समोरून पोच येत नाही तोवर निरोप दिलाच नाही असं धरून चाल.

बेडन पॉवेलसाहेबांनी १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाच मुलांचे चार संघ पाडले होते. ती काही रांगेत उभं करण्याची सोय नव्हती. एका माणसाने तीस पोरांना ओरडून सांगायचं, त्यापेक्षा चार संघनायकांना नीट सांगायचं आणि त्यांनी आपापल्या सहा-सात जणांना. मोबाईल आल्यापासून स्काऊटमास्तर सगळं थेट पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि संघनायक नुसता बिल्ला लावून फिरतो. मला हे मुळीच पसंत नाही. तारीख, वेळ, जागा आणि पैसे एवढं ग्रुपवर टाक. बाकी सगळं, म्हणजे काय आणायचं, कोणी काय शिकून यायचं, कोण भांडी आणणार, हे संघनायकाच्या तोंडून जाऊ दे. मात्र त्याच्याकडून शनिवारपर्यंत परतीचा निरोप घे: कोण येणार, कोण नाही, का नाही. ते "का नाही" फार कामाचं. त्यात घरची अडचण कळते, जी पालक तुला फोनवर कधीच सांगणार नाहीत.

मानसभा, म्हणजे संघनायकांची बैठक, खरोखर भरव. कागदोपत्री नको. संघनायक बोलतील तेव्हा तू गप्प बस, आणि इतिवृत्त त्यांच्यातल्याच एकाला लिहू दे. अक्षर कसंही असो.

आता आपला उल्हासनगरचा कॅम्प ५. इथे एका बाकावर सिंधी, मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या घरातली तीन पोरं बसतात. सिंधी आजोबा त्यांची भाषा अरबी लिपीत वाचत आले, नातवाला ती लिपी येत नाही. म्हणून सूचना देवनागरीत, एकदा मराठीत, एकदा साध्या हिंदीत आणि एका कागदात मावेल एवढी. कुठे जमायचं, किती वाजता निघायचं, किती वाजता परत, सोबत काय, पैसे किती. "परत किती वाजता" हे लोक हमखास विसरतात, आणि आईला नेमकं तेच हवं असतं. सूचनेत "शिबिर" असं लिही. "कॅम्पला जायचंय" म्हटलं की आपल्याकडे आजी विचारते, कुठल्या, तीन का चार? शिवाय घरात कागद वाचणारं माणूस कोण, ते हेरून ठेव. पुष्कळ घरांत ती मोठी बहीण असते. सही वडिलांची असली तरी समजून घेतलेलं तिने असतं.

वेळ पाळायची तर घरांच्या वेळा माहीत हव्यात. जीन्सच्या धंद्यातली माणसं सणांच्या आधी रात्री उशिरापर्यंत शिलाई आणि धागा कटिंगमध्ये अडकलेली असतात. नोकरदार वडील सकाळची लोकल पकडून जातात ते दिवेलागणीनंतर येतात. दुपारी दोनला फोन करून "पालक प्रतिसाद देत नाहीत" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. रविवारची सभा ठेवशील तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आधी बघ, विशेषतः बदलापूरहून कोणी पाहुणा प्रशिक्षक येणार असेल तर. चालिहोचे चाळीस दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेव. त्या काळात बऱ्याच सिंधी घरांत व्रत असतं, खाण्यापिण्याचे नियम असतात. थदडीच्या दिवशी त्या घरांत चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी रांधलेलं खातात. त्या दिवशी स्वयंपाकाची चाचणी ठेवलीस तर अर्धी मुलं येणार नाहीत. गणपतीत मराठी घरांचं तेच. हे जूनमध्येच विचारून घेतलं की वर्षभराचा तक्ता आपोआप तयार होतो.

पत्ते नीट लिहून घे. हे शहर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर उभं राहिलं. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबं त्या बराकींत आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते कोनशिला बसून उल्हासनगर नाव पडलं. बराकीचा नंबर अजून पत्त्यात आहे, पण नव्या माणसाला त्यावरून घर सापडत नाही. बराक नंबरापुढे जवळचं दुकान, देऊळ किंवा चौक लिहून घे. आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरी जा, काही काम नसताना. पैसे मागायला किंवा तक्रार सांगायलाच येणाऱ्या सरांना पाहून घर आखडतं. चहा पिऊन, पोराचं एक चांगलं सांगून निघून ये.

पहिली सहल लांब नेऊ नकोस. अंबरनाथचं शिवमंदिर आहे ना, इ. स. १०६० चं, वालधुनीच्या काठी. आई-वडिलांनाही बोलाव. मुलं मागाच्या खुणा शोधत पुढे, पालक मागे. आपण रविवारी नक्की करतो काय, हे तेवढ्यात त्यांना दिसतं. मग पुढच्या शिबिराच्या संमतिपत्रावर सही मागताना समजावत बसावं लागत नाही.

पावसाळ्याचा नियम वेगळा. २६ जुलै २००५ ला गाड्या बंद होत्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना सोडवून आणावं लागलं. तेव्हा सहल रद्द करायची तर आदल्या रात्री नऊपर्यंत, आणि रद्द म्हणजे रद्द. "सकाळी बघू" म्हणालास की निम्मे येतात, निम्मे नाही. परतल्यावर प्रत्येक संघनायकाने आपल्या संघातलं शेवटचं पोर घरी पोचल्याचं तुला कळवायचं, तोवर तू गणवेश उतरवायचा नाही. आपल्या खुणांमध्ये वर्तुळात टिंब म्हणजे "मी घरी गेलो". मुलांना ती खूणच फोनवर पाठवू दे. त्यांना मजा येते आणि तुला पोच मिळते.

आता एक जड गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रेल्वेरुळावर उतरले. तेव्हापासून या पट्ट्यातले आईबाप जास्त प्रश्न विचारतात. विचारू देत. चिडू नकोस, आणि "आमच्यावर विश्वास नाही का" असं तर अजिबात म्हणू नकोस. मुलीसोबत गाईड कॅप्टन असणारच, कुठल्याही मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, मुलाला खासगी मेसेज करायचा नाही. त्याच्या फोनवर काही पाठवायचं तर पालकही त्यात हवेत. हे नियम पहिल्याच पालकसभेत मोठ्याने वाचून दाखव. मूल काही वेगळं सांगू लागलं तर शेवटपर्यंत ऐक, उलटतपासणी करू नकोस. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. "आधी शाळेत बोलून बघू" ही सबब चालत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक मुलाला पाठ हवा, स्काऊटच्या नऊ नियमांइतका.

पैशाचं थोडक्यात. खरी कमाईचा, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून मिळवलेल्या पैशांचा, हिशेब त्याच आठवड्यात फळ्यावर लाव, रुपया-रुपयाचा. इथली बरीचशी घरं धंद्यातली; हिशेब न मागता समोर आला की ती तुझी बाजू घेतात. आणि पालकांकडे पैशाआधी हुन्नर माग. तुझ्या पथकात कुणाचे तरी वडील कटिंग मास्तर असतील, कुणाची आई ओव्हरलॉक मशीन चालवत असेल. फाटका तंबू त्यांच्याकडे ने, संघाचे ध्वज त्यांच्याकडून शिवून घे. ज्या बापाने ध्वज शिवला तो शिबिराला बघायला येतोच.

तुझं आणि गाईड कॅप्टनचं वेळापत्रक एकाच वहीत असू दे. एकाच घरातले भाऊ-बहीण दोन वेगळ्या रविवारी अडकले की घरचे दोघांनाही काढतात. जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं की मुख्याध्यापकांना त्याच दिवशी दाखव आणि वहीत तारीख टाक.

येत्या रविवारी सभेआधी एवढं कर: सगळ्या घरांचे दोन-दोन नंबर, पत्ते, मुलाचा रक्तगट आणि औषधाची अ‍ॅलर्जी कागदावर उतरव. फोन भिजतो, बॅटरी जाते. एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रथमोपचार पेटीत ठेव, एक गाईड कॅप्टनकडे, एक मुख्याध्यापकांकडे. आणि नंबर लिहून झाले की प्रत्येकाला एकदा फोन लावून बघ. बंद पडलेले नंबर तिथेच कळतील.