१२७ च्या पुढे

जावा भाषेत दोन मूल्यांची समानता तपासण्यासाठी दोन बरोबर चिन्हे जोडून लिहितात, असे आरंभीच शिकविले जाते. हे निम्मेच सत्य आहे. उरलेले निम्मे आम्हांस भोजनगृहाच्या हजेरीपटाने शिकविले.

सुटीत येथील मुलांना जावा शिकविताना आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून जेवणाच्या हजेरीचा छोटा प्रोग्रॅम लिहून घेतला. मुलाने आपला नोंदणी क्रमांक टाइप करावयाचा. तो यादीत सापडल्यास पान मोजले जावयाचे. पहिल्या चाळीस क्रमांकांवर चाचणी घेतली, सारे बिनचूक निघाले. प्रत्यक्ष वापराच्या दिवशी मात्र १२८ पासून पुढचा एकही क्रमांक सापडेना. पुढचे क्रमांक म्हणजे त्या वर्षी नव्याने आलेली, वयाने सर्वांत लहान मुले. टाइप करताना आपलेच चुकले असावे, या समजुतीने ती गप्प उभी राहिली. स्वयंपाक मोजलेल्या पानांपुरताच झाला होता. भात पुन्हा टाकावा लागला.

कारण असे. जावात ‘इंट’ ही नुसती संख्या असते, तर ‘इंटिजर’ ही संख्येभोवती गुंडाळलेली वस्तू. ‘अ‍ॅरेलिस्ट’सारख्या यादीत नुसती संख्या ठेवता येत नाही, म्हणून तिची वस्तू करावी लागते, २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून हे गुंडाळणे भाषा स्वतःच करते. दोन वस्तूंमध्ये ती बरोबर चिन्हे लिहिली, की प्रश्नच बदलतो. आतील संख्या सारखी आहे का, असे न विचारता ही एकच वस्तू आहे का, असे विचारले जाते. मांडीवरील ताटे एकाच मापाची असली तरी माझे ताट ते तुझे नव्हे, तसेच हे.

मग १२७ पर्यंत उत्तर बरोबर कसे आले? वारंवार लागणाऱ्या −१२८ ते १२७ या संख्यांच्या वस्तू जावा आधीच तयार ठेवते आणि मागेल त्याला तीच वस्तू देते. त्यापुढे सामान्यतः दरवेळी नवी वस्तू बनते. आमच्या विद्यार्थ्याने टाइप केलेला क्रमांकही इंटिजरमध्येच ठेवला होता. एक बाजू साधी इंट असती, तर जावाने दुसरी बाजू उघडून संख्यांचीच तुलना केली असती. नावांच्या बाबतीतही हाच फसवा खेळ चालतो: प्रोग्रॅममध्येच लिहिलेली दोन सारखी नावे एकच ठरतात, कळफलकावरून आलेले तेच नाव वेगळे ठरते.

उपाय ‘इक्वल्स’ ही पद्धत. पण डावीकडे ‘नल’ असेल तर तीही कोसळते. तेथे सातव्या आवृत्तीत आलेली ‘ऑब्जेक्ट्स डॉट इक्वल्स’ वापरावी.

अशा चुका नवशिक्यांच्याच, असे नव्हे. जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयातील द्विभाजन शोधात दोन स्थानांची बेरीज २१४७४८३६४७ ओलांडताच ऋण होत असे. ती चूक सुमारे नऊ वर्षे तेथे होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली तिच्याविषयी लिहिले. तो मूळ शोध त्यांनीच लिहिलेला होता.

आमच्या चाचणीच्या यादीत आता पहिले दोन क्रमांक १२७ आणि १२८ असतात.