सायकलवरचा वारा आणि डोळ्यातला कचरा

दिवाळी सरली आणि उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या, की आमच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी एक ठराविक गर्दी सुरू होते. रतीब घालून परतणारे दूधवाले, पेपर टाकणारी मुले, पहिल्या पाळीचे कामगार, सकाळच्या शाळेची मुले-मुली, आणि अलीकडे वजन उतरवण्यासाठी गिअरची सायकल घेतलेली पन्नाशीतली मंडळी. तक्रारी थोड्याफार फरकाने त्याच. ओठ फुटले, गाल तडतडतात, कान ठणकतो, नाक गळते, डोळ्यात काहीतरी खुपते. आणि प्रश्नही एकच, "डॉक्टर, वारा लागला का?"

आपल्याकडे 'वारा लागणे' हे निदान फार जुने आहे आणि ते कशालाही चालते. परंतु सायकल चालवताना वारा चेहऱ्याला काय करतो आणि काय करत नाही, हे एकदा नीट समजून घेतले तर कशाला भ्यायचे आणि कशाला नाही ते कळते.

आपल्या कातडीला लागून हवेचा एक पातळ थर असतो. शरीराच्या उष्णतेने तो कोमट राहतो. वारा आला की हा थर उडून जातो आणि थंडी जास्त बोचते. सायकलस्वाराची गंमत अशी, की झाडाचे पान हलत नसले तरी तो स्वतःचा वारा स्वतःच तयार करतो. हवामानशास्त्राच्या हिशेबाने १० अंश सेल्सिअस तापमानात ताशी २० किलोमीटरचा वारा तोंडावर असेल तर ती थंडी सुमारे ७ अंशांसारखी भासते. म्हणजे फरक पडतो, पण फार मोठा नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी वाचून काही पालक मुलांच्या नाका-कानाला हिमदंश होईल म्हणून घाबरतात. हवेचे तापमान शून्याच्या वर असेल तर नुसत्या वाऱ्याने कातडी गोठत नाही. तो प्रकार लडाखसारख्या ठिकाणचा. आपल्याकडे कातडी फक्त कोरडी पडते आणि फुटते. निघण्यापूर्वी गालांना, ओठांना व नाकपुड्यांच्या कडांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. ओठांवरून जीभ फिरवू नये. ओलावा उडून गेला की ओठ अधिकच फुटतात. एवढे पुरे. महागड्या मलमांची गरज नाही.

नाक गळते म्हणजे सर्दी झाली असे नव्हे. आत जाणारी थंड, कोरडी हवा गरम आणि दमट करून फुफ्फुसात पाठवणे हे नाकाचे कामच आहे. ते काम वाढले की पाणी सुटते. शिवाय वाऱ्याने डोळ्यांतून जे पाणी येते, त्यातले बरेचसे एका बारीक नळीने नाकातच उतरते. सायकलवरून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थांबणाऱ्या अशा नाकाला गोळी लागत नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी मात्र नाक-तोंड मऊ सुती कापडाने झाकूनच निघावे. तोंडाने ओढलेली गार हवा श्वासनलिका आवळते. कापडाखालची आपल्याच श्वासाची ऊब इथे कामाला येते.

एक इशारा पन्नाशीतल्या सायकलस्वारांसाठी. गारठ्यात, चढावर किंवा समोरच्या वाऱ्यात पायडल मारताना जबडा, गळा किंवा छाती आवळल्यासारखी होत असेल आणि थांबल्यावर ते दुखणे जात असेल, तर तो गारठा समजून मफलर घट्ट करू नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा भार वाढतो. त्या दिवशीच डॉक्टरांकडे जाऊन कार्डिओग्राम काढून घ्यावा. थांबल्यावरही दुखणे गेले नाही तर दवाखान्याची वेळ होण्याची वाट न पाहता सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

आता 'वारा लागून तोंड वाकडे झाले' याविषयी. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते, पाणी पिताना एका कडेने ओघळते, डोळा मिटत नाही. या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शस्त्रवैद्याने १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसेविषयी लिहिले, त्याच्यावरून हे नाव पडले. कानामागून चेहऱ्यावर येणारी नस हाडाच्या अरुंद बोगद्यातून जाते. तिला सूज आली की ती तिथे दबते. या सुजेमागे बहुधा नागिणीच्या जातकुळीतले विषाणू असावेत, असे आज मानले जाते. वाऱ्याने हे होते असे सिद्ध झालेले नाही. मधुमेही व्यक्ती आणि शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर स्त्रिया यांच्यात हा आजार जास्त आढळतो, आणि त्यांतल्या कित्येकजणी सायकलवर बसलेल्याही नसतात.

वाऱ्याला दोष दिल्याने नुकसान होते ते असे, की घरची माणसे शेकत बसतात, कोणी मंत्र घालायला नेतात आणि वेळ निघून जातो. गोळ्यांचा चांगला उपयोग व्हायचा तर त्या पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ववत होतो. तोवर न मिटणारा डोळा थेंबांनी ओला ठेवणे आणि झोपताना पट्टीने मिटवून ठेवणे महत्त्वाचे. दुसरे असे, की तोंड वाकडे होऊनही त्या बाजूच्या कपाळाला आठ्या घालता येत असतील, किंवा हात-पाय लुळा पडला असेल, बोलणे अडखळत असेल, तर तो बेल्स पाल्सी नव्हे, मेंदूचा झटका असू शकतो. तिथे दिवसांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो.

असो. ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. माणसे थंडीत कान बांधतात, नाक बांधतात, तोंड बांधतात आणि डोळे उघडे ठेवतात. माझ्या मते सायकलवर झाकायची पहिली जागा डोळे आहेत. बाकीचा चेहरा वाऱ्याने फार तर कोरडा पडेल. डोळ्यात मात्र कचरा जातो.

आपल्या भागातला रस्ता डोळ्यांसमोर आणा. उसाने भरलेली ट्रॉली पुढे चालली आहे, तिच्यातून पाचटाचे तुकडे उडताहेत. कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उतरते आहे. वीटभट्टीची राख, मक्याचा भुसा, साइडपट्टीची धूळ, फॅब्रिकेशनच्या दुकानापुढे ग्राइंडरच्या ठिणग्या. यातला कोणताही कण डोळ्यात शिरू शकतो. बुबुळावर जी पारदर्शक काच असते, जिला पारपटल म्हणतात, तिची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे. तिच्यावरचा सर्वांत वरचा नाजूक थर खरचटला तर एक-दोन दिवसांत भरूनही येतो. पण कण पालापाचोळ्याचा असेल तर त्याच्याबरोबर बुरशी आत जाते. माती आणि वनस्पतींवरची ही बुरशी पारपटलात रुजली की तिथे जखम होते. तिचे औषधोपचार आठवडे, कधी महिने चालतात. जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण 'डोळ्यात फूल पडले' म्हणतो. फूल बाहुलीच्या समोर पडले तर त्या डोळ्याची नजर गेल्यातच जमा.

काही वर्षांपूर्वी एक तरुण दूधवाला माझ्याकडे आला होता. पहाटे ट्रॉलीच्या मागून जाताना डोळ्यात पाचट गेले. दिवसभर त्याने डोळा चोळला. संध्याकाळी जिभेने खडा काढणाऱ्या एका बाईंकडे गेला. तिने काढला म्हणाली, पण खुपणे थांबेना. मग औषधाच्या दुकानातून 'डोळे आल्याचे' थेंब आणले. थेंबांनी लाली उतरली, बरे वाटले, म्हणून आठ दिवस घातले. माझ्यासमोर बसला तेव्हा बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. थेंबांची बाटली पाहिली, स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने लाली आणि दुखणे कमी होते, आणि त्याच वेळी बुरशीला रान मोकळे मिळते. त्याला त्याच दिवशी पुण्याला पाठवले. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने आज त्याला हाताची बोटे मोजता येतात, एवढेच.

हे टाळता येते, आणि फार सोप्या उपायाने. नेपाळमधील भक्तपूर भागात शेतकरी वस्तीत एक अभ्यास झाला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पारपटल खरचटलेल्यांना गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल हे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस घातले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्या २८४ जणांचे उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी एकालाही डोळ्यात जखम चिघळण्याचा त्रास झाला नाही. जे २४ ते ४८ तासांनी आले, त्या ४९ पैकी १४ जणांच्या डोळ्यात जंतुसंसर्ग झाला. मलम तेच, माणसे तशीच, फरक फक्त वेळेचा. म्हणून 'आज राहू दे, उद्या बघू' हे डोळ्याच्या बाबतीत चालत नाही.

कचरा गेला तर सायकल बाजूला घ्यावी. चोळू नये. हात धुवून डोळ्यावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सावकाश धार धरावी, किंवा वाटीभर पाण्यात डोळा बुडवून उघडझाप करावी. वरची पापणी हलकेच धरून खालच्या पापणीवर ओढली तर खालचे केस वरच्या पापणीची आतली बाजू झाडून काढतात, आणि पुष्कळदा कण निघून येतो. कण पांढऱ्या भागावर किंवा खालच्या पापणीत दिसत असेल तर स्वच्छ, ओल्या कापडाच्या टोकाने टिपायला हरकत नाही. काळ्या बुबुळावर असेल तर हात लावू नये. जीभ, काडी, पदराचे टोक, मध, आईचे दूध, यांतले काहीही नको. तोंडात जंतूंची काय कमी असते?

पाण्याने धुऊनही खुपत राहिले, उजेड सहन होईना, नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आम्ही पापणी उलटून बघतो. पुष्कळदा कण वरच्या पापणीच्या आत चिकटलेला असतो आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावर ओरखडा काढत असतो. औषधाची एक केशरी पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिले की खरचटलेली जागा हिरवी दिसते. ठिणगीचा लोखंडी कण असेल तर तो गंजून भोवती तांबूस कडे धरतो. तो नेत्रतज्ज्ञांकडूनच काढून घ्यावा. आणि डोळा बधिर करणाऱ्या थेंबांची बाटली घरी मागू नये. त्याने दुखायचे थांबते, पण जखम भरत नाही.

आता वापरायचे काय? हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगवाल्यांसाठी पारदर्शक प्लॅस्टिकचे गॉगल मिळतात, बाजूने झाकलेले. ते शे-दीडशे रुपयांत येतात आणि सायकलला उत्तम. पहाटे किंवा तिन्हीसांजेला काळा गॉगल घालू नये, खड्डा दिसत नाही. नंबरचा चष्मा असणाऱ्यांना निम्मे संरक्षण आपोआप मिळते, पण बाजूची फट उरतेच. चष्म्यावर गॉगल बसतो का ते दुकानातच घालून पाहावे. नाकावरचा रुमाल चष्म्याच्या वर येऊ दिला तर काचेवर वाफ धरते, म्हणून त्याची वरची कड चष्म्याच्या खाली, नाकाच्या हाडावर घट्ट बसवावी. रुमाल रोज धुतलेला असावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलींनी धुळीच्या रस्त्यावर चष्माच घालावा हे बरे.

कानाला कानटोपी पुरते. मफलर बांधायचाच तर कान इतके गच्च बांधू नयेत की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणार नाही, आणि त्याची टोके शर्टाच्या किंवा स्वेटरच्या आत खोचावीत. ओढणीचेही तेच. लोंबते टोक चाकात किंवा चेनमध्ये गेले तर गळ्यालाच फास बसतो. संक्रांतीच्या आसपास गळ्याभोवती मफलर असलेला चांगला, कारण नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली तरी तो मिळायचा थांबलेला नाही.

ट्रॉली पुढे असेल तर तिला जाऊ द्यावे आणि मध्ये चांगले अंतर ठेवावे. घरी आल्यावर गॉगल शर्टाच्या टोकाने कोरडा पुसू नये. धुळीने काचेवर चरे पडतात आणि महिन्याभरात त्यातून दिसेनासे होते. आधी नळाखाली धरावा, मग मऊ कापडाने टिपावा.