गाडीची वळचण

तंबूत वाकून शिरणं बायकोच्या गुडघ्यांना झेपेना, तेव्हा आम्ही तंबू सोडला. जुन्या बोलेरोच्या मागच्या सीटा पाडून गादी टाकली की झोपायची सोय होते. प्रश्न उरतो जागेपणीचा. चहा कुठे करायचा, पाऊस आला तर चपला कुठे काढायच्या? घराला वळचण असते तशी गाडीला हवी. त्यासाठी आधी कॅरिअरला लावायचं गुंडाळीचं छप्पर घेतलं, ज्याला दुकानदार ‘ऑनिंग’ म्हणतात. नंतर साधी ताडपत्री घेतली. दोन्हींनी बरंच शिकवलं. बहुतेक वेळा रात्री, आणि भिजवून.

१. छप्पर सपाट ताणू नका.

मे महिन्याची अखेर होती. काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. नवं कोरं ऑनिंग टेबलासारखं सपाट ताणलं, फोटो काढला, चार जणांना पाठवला. संध्याकाळी वळीव आला. आम्ही खाली खुर्च्या टाकून कौतुकाने आवाज ऐकत बसलो होतो. कापडाला मधोमध पोट सुटतंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एक आडवी दांडी वाकली आणि सगळं पाणी एकदम माझ्या मांडीवर आलं.

घरी येऊन हिशोब केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमचं छप्पर अडीच बाय दोन मीटरचं, म्हणजे पाच चौरस मीटर. वळवाची एक दांडगी सर वीस मिलिमीटरची धरली आणि सगळं पाणी साचलं, तर शंभर किलो! हे वजन दोन बारीक ॲल्युमिनिअमच्या दांड्यांनी का पेलावं?

आता बाहेरची कड गाडीच्या बाजूपेक्षा फूटभर तरी खाली ठेवतो, आणि तिचाही एक कोपरा आणखी खाली ओढतो. सगळी पागोळी त्या एकाच कोपऱ्यातून पडते. तिथे बादली ठेवली की भांडी घासायचं पाणी फुकट.

२. शाळेतला भूगोल विसरू नका.

खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले ते परीक्षेपुरते. गुहागरच्या किनाऱ्याजवळ, थंडीच्या दिवसांत, मी समुद्राच्या बाजूला गाडी आडवी लावली आणि छप्पर जमिनीच्या बाजूला उघडलं. दुपारभर गाडीने वारा अडवला आणि मी स्वतःवर खूश. रात्री वारा फिरला. जमिनीकडून येऊन तो थेट उघड्या तोंडात शिरला, आणि पहाटे तीनला छप्पर उलटं होऊन टपावर आपटलं. गाडीत झोपलेल्यांना तो आवाज कसा वाटला असेल, ते लिहीत नाही.

तेव्हापासून ऑनिंग जागेपणीच वापरतो. झोपताना गुंडाळून टाकतो, आकाश कितीही निरभ्र असो. रात्रभर आडोसा हवाच असेल तर ताडपत्री बरी. तिची एक कड वाऱ्याच्या बाजूला जमिनीपर्यंत खाली घेता येते.

३. दोर आणि गाठ.

नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो, सुती दोर भिजला की आखडतो. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर एक फेरी मारून नायलॉनचे ताण पुन्हा आवळायचे.

गाठ शिकलो ती घाटातल्या एका धाब्यावर, ट्रकच्या क्लीनरकडून. दोराच्या मध्यावर एक फास करायचा, शेवट कडीतून घालून परत त्या फासातून ओढायचा. कप्पीसारखं काम होतं आणि बारीक माणसालाही दोर तारेसारखा ताणता येतो. “काका, शेवटी सुरगाठच मारा,” तो म्हणाला. मी दोन-तीनदा निरगाठ मारून पाहिली. अंधारात, ओल्या बोटांनी, ती सुटली नाही. दोर कापावा लागला.

४. ताडपत्री वजन करून घ्या.

ताडपत्रीवर जीएसएमचा आकडा असतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. एका दुकानात मला “दोनशेची आहे साहेब, एकदम हेवी” म्हणून एक निळी ताडपत्री मिळाली. बारा बाय पंधरा फूट म्हणजे साधारण पावणेसतरा चौरस मीटर, तेव्हा तिचं वजन सव्वातीन किलोच्या पुढे भरायला हवं होतं. घरच्या काट्यावर ती दोन किलो भरली. एका उन्हाळ्यात तिचे पापुद्रे सुटले. आता सामान तोलायचा हुकाचा काटा खिशात घालूनच बोहरी आळीत जातो. दुकानदारांना ते आवडत नाही.

रंगाचंही बघा. निळ्याखाली सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात आणि पोहे हिरवट. कडी फाटलीच तर कापडात एक गोटा गुंडाळायचा, त्याच्या मानेला दोर बांधायचा. कडीपेक्षा ते जास्त टिकतं.

५. कातळावर खुंटी जात नाही. वाळूत जाते, पण राहत नाही. सड्यावर जांभ्याचे मोठे दगड शोधायचे. किनाऱ्यावर पिशवीत वाळू भरून ती हातभर खोल पुरायची आणि दोर तिला बांधायचा.

६. चाकाला दोर बांधला असेल तर किल्ली लपवा.

चाक म्हणजे आयती, भक्कम खुंटी. एकदा मी ताडपत्रीचे दोन दोर मागच्या चाकाला बांधले आणि आंघोळीला गेलो. बायको दूध आणायला गाडी घेऊन निघाली. दोर चाकाभोवती गुंडाळत गेला. ताडपत्री, तिचा बांबू आणि त्याला टांगलेला माझा टॉवेल, अशी वरात तिच्यामागून निघाली. दोष कुणाचा यावर आमच्यात अजून एकमत नाही. आता दोर बांधला की स्टिअरिंगला लाल फडकं बांधतो.

७. चारी बाजू बंद करून आत शेगडी पेटवायची नाही, इंजिनही चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. पाऊस कितीही असो, स्वयंपाक उघड्या कडेला. यात मी गंमत करत नाही.

८. ओलं कापड घरी आल्या दिवशीच उघडा.

सोमवारी ऑफिस असतं, त्यामुळे हे कधीच होत नाही. एकदा आठवडाभर पिशवीत राहिलेल्या ऑनिंगला असा कुबट वास आला की दुसरा आठवडा गाडीच्या काचा उघड्या ठेवून फिरलो. आता थेट सोसायटीच्या गच्चीवर जातो. गेल्या उन्हाळ्यात धुतलेली ताडपत्री तिथे पसरली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, एवढी मोठी आहे तर कडेला थोड्या कुरडया घालू का? नाही कसं म्हणणार? पुढच्या खेपेला भंडारदऱ्यात घडी उलगडली, तर तीन कुरडया निघाल्या. बाहेर सर कोसळत होती. कडेला स्टोव्ह पेटवून त्या तळल्या. काकूंना अजून सांगितलेलं नाही.