बँकेच्या नावाने येणारा फोन



उसाचे बिल जमा झाले, सोसायटीचे कर्ज वळते झाले, की मागे जे चार पैसे उरतात त्यावर पुढच्या लागणीचे खत, मुलांच्या फिया आणि घरातले कार्य अवलंबून असते. हेच पैसे एका फोनवर जाऊ शकतात. म्हणून या खेपेस खोडव्याचा विषय बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे.

फोनवरचा माणूस मोठ्या आदबीने बोलतो. "काका, बँकेतून बोलतोय. तुमची केवायसी संपलीय, संध्याकाळपर्यंत खातं बंद पडंल." भाषा आपली, बँकेचे नावही बरोबर. तेवढ्यावर आपण त्याला साहेब म्हणू लागतो. पण आपले नाव आणि बँक कोणती, ही माहिती मिळवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. खरी गोम 'संध्याकाळपर्यंत' या शब्दात आहे. घरच्यांना विचारायला, शाखेत जायला सवडच मिळू नये म्हणून ही घाई. केवायसीचे कागद खरोखरच लागत असतील तर ते शाखेत नेऊन देता येतात. बाजाराला तालुक्याला जातोच की आपण!

पुढे तो ओटीपी मागतो. ओटीपी म्हणजे त्या वेळेपुरती तिजोरीची किल्ली. बँक ती फोनवर मागत नाही. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, शिल्लक पाहायला लागतो. पैसे घ्यायला लागत नाही. "अनुदान जमा करायचंय, पिन टाका" असे कोणी म्हणाला, तर त्याला तिथेच रामराम करावा.

ओटीपी सांगायचा नाही, हे आता पुष्कळांना पाठ झाले आहे. म्हणून भामट्यांनी निराळी वाट काढली आहे, आणि ती आम्हांला जास्त घातक वाटते. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या किंवा बँकेच्या नावाने एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ती यादी नसते, कागदही नसतो. ते ॲप असते. आपण दाबतो, फोन परवानग्या विचारतो, आपण 'हो, हो' करत जातो. त्यात मेसेज वाचायची परवानगी दिली गेली की बँकेचे मेसेज परस्पर भामट्याकडे जातात. तोंडाने ओटीपी सांगितला नाही, तरी तो गेला! शिवाय कधी कधी तीच फाईल आपल्या नावाने आपल्याच पाहुण्यांना आणि गावच्या ग्रुपवर जाते. तेव्हा ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून फाईल खरी, असे धरून चालू नये. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यावर येतात. त्यासाठी व्हॉट्सॲपवर आलेली फाईल बसवावी लागत नाही.

बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. तो पासबुकावरून घ्यावा. बँकांनी आपल्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' वापरावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सांगितले आहे. मेसेजमधल्या पत्त्याचा शेवट निराळा दिसला तर त्यावर बोट ठेवू नये.

आता पैसे गेलेच तर. लाजेने गप्प बसणारे पुष्कळ असतात, आणि तिथेच जास्त नुकसान होते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांना दिलेल्या सूचनांत असे होते, की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. कळवल्यानंतर जाईल तो बँकेचा. म्हणजे घड्याळ आपल्यावर चालते. फाईल बसवली असेल तर त्या फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवावे, लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार द्यावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले गेले नसतील, तर ते तिथेच रोखता येतात. फोन लावताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांनी घरातल्या शाळकरी पोराला जवळ बसवावे. तक्रारीचा जो क्रमांक मिळतो तो मात्र पासबुकाच्या पाठीवर लिहून ठेवावा.