पडदा टिपताना

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी मी लिब्रेऑफिसचा वर्ग घेते. मुलं निम्मी मराठी, निम्मी गुजराती. सगळ्या संगणकांवर उबुंटू लिनक्स. गैरहजर मुलांना पडद्यावरचा धडा आवाजासकट मिळावा म्हणून मी बरीच सॉफ्टवेअर वापरून पाहिली. त्यातून हाती लागलेलं हे.

१. आधी तुमचं उबुंटू पडदा वेलँडमार्फत दाखवतं की एक्स ११ मार्फत, ते पाहा. सिंपलस्क्रीनरेकॉर्डरवर माझा जीव होता. हलकं, सरळ, चार जीबीच्या जुन्या यंत्रावरही न अडखळणारं. उबुंटू २२.०४ टाकलं आणि पाऊण तासाच्या धड्यात नुसता काळा पडदा, मागे माझा आवाज. त्या दिवशी रडू आलं. नंतर कारण कळलं: हे उबुंटू मुळात वेलँडवर सुरू होतं, आणि तिथे कुठल्याही प्रोग्रॅमला परस्पर पडदा टिपता येत नाही, तुमची परवानगी घेऊन, पाइपवायर या मधल्या सेवेमार्फतच जावं लागतं. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे, पण सिंपलस्क्रीनरेकॉर्डर एक्स ११ साठी लिहिलेलं. पासवर्डाच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या चक्रावर टिचकी मारून ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडलं की ते पुन्हा चालतं. वेलँडवरच राहायचं असेल तर ओबीएस स्टुडिओ घ्या. २०२१ च्या २७ व्या आवृत्तीपासून त्यात वेलँडवर पडदा टिपायची सोय आहे.

२. उबुंटू २२.०४ मध्ये प्रिंटस्क्रीनचं बटण दाबलं की रेकॉर्डिंगची सोय समोर येते; वेगळं काही टाकावं लागत नाही. पण ती आवाज घेत नाही. शिकवणाऱ्याच्या कामाची नाही.

३. फाइल शेवटी कुठे उघडणार, त्यावरून निवड करा. रेकॉर्डमायडेस्कटॉप मला आवडायचं, पण त्याची फाइल ओजीव्ही. एका मुलीकडे वडिलांचा जुना फोन होता, त्यावर ती उघडेचना आणि तिचे दोन धडे बुडाले. तेव्हापासून मी मुलांना फक्त एच.२६४ मधली एमपी४ पाठवते.

४. रेकॉर्डिंग मात्र थेट एमपी४ मध्ये करू नका. मध्येच वीज गेली तर ती फाइल बहुधा उघडतच नाही. एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत तिथपर्यंतचं काम शाबूत राहतं. ओबीएसच्या फाइल मेनूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे; त्यानं एमकेव्हीची एमपी४ चटकन होते, चित्राचा दर्जाही तसाच राहतो.

५. सेकंदाला १५ चित्रं पुरतात. आपण मेनू दाखवतोय, क्रिकेट नव्हे. यंत्र दमत नाही, फाइलही लहान राहते. अक्षरं मात्र मोठी करा, कारण पाहणाऱ्याचा पडदा हातभर नाही, वीतभर आहे.

६. नवरात्रात बडोद्यात रात्री माइक लावू नका, धड्यात गरबाच ऐकू येईल. पहाटे पाचला बसा.

७. धडा दहा मिनिटांचा असावा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात धडे साधारण एवढेच असतात, मराठी-गुजरातीतही मिळतात, आणि मुलं ते पाहता पाहता शेजारच्या खिडकीत स्वतः करत जातात. माझा पाऊण तासाचा धडा पूर्ण पाहिलेलं एकही मूल मला भेटलं नाही.

एक सांगावंसं वाटतं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावलं. त्यानंतर उभ्या राहिलेल्या ग्रंथालय खात्याची एक शाखा कंदीलचित्रं आणि सिनेमा घेऊन संस्थानातल्या गावोगावी जाई, फुकट. त्या शहरात राहून धडे कुलपात ठेवणं मला जमत नाही. मी पैसे घेत नाही आणि फाइल कुणालाही देते.

तुम्हीही शिकवत असाल तर आज दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर लावून पाहा. चित्र दिसलं, आवाज आला, तर तुमचं सॉफ्टवेअर तेच.